तिकडचं ऊन

१

शुक्रवारी चादरी धुवायच्या हा रुपाली मांडवकरचा नेम, आणि तिचा नेम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. बहारीनमधल्या सनदच्या त्या बिल्डिंगीत ती राहायला आली तेव्हा भक्ती कडेवर होती. आता पोरगी चौथीत गेली, पण शुक्रवार काही चुकला नाही. शेजारणी म्हणायच्या, अगं सुट्टीचा एक दिवस, झोप की जरा. तर ही म्हणायची, मेल्यावर झोपायचंच आहे, चादरी कोण धुणार?

त्या शुक्रवारी मदतीला हक्काचा माणूस होता, तिचा नवरा संदेश. गडी वेल्डर. इथल्याच तुबलीच्या वर्कशॉपात काम करता करता त्याला नॉर्वेचं कंत्राट मिळालं, आणि तिकडच्या अगदी वरच्या टोकाला, जहाजांच्या एका यार्डात दोन वर्षं काढून तो नुकताच परत आला होता. जुन्या मालकाने त्याला पुन्हा ठेवूनही घेतलं. दोन वर्षं रुपालीने घर, नोकरी आणि पोर एकटीने ओढली होती. आता नवरा हाताशी आहे म्हटल्यावर ती त्याला बसू देते होय!

"स्टोअररूममधून चिमट्यांची पिशवी आण रे," बादली उचलता उचलता तिने फर्मान सोडलं. जून महिना होता. बहारीनच्या जूनमध्ये चादरीचं दुसरं टोक दोरीवर टाकेपर्यंत पहिलं वाळलेलं असतं.

"बल्ब गेलाय गं इथला," आतून आवाज आला.

"मग दार तरी उघडं ठेव ना नीट!"

स्टोअररूम म्हणजे स्वयंपाकघरामागची बिनखिडकीची कोठडी. इस्त्रीचं टेबल आडवं असल्याने दार धड उघडायचं नाही. रुपालीने फटीतून डोकं आत घातलं. तांदळाचं पोतं कुठं आहे तेही दिसत नव्हतं, इतका काळोख. पण संदेश दिसत होता. अगदी स्पष्ट दिसत होता. उजव्या गालावर, कानाच्या पाळीवर, हातातल्या पिशवीवर पिवळसर ऊन पडलं होतं, संध्याकाळी गच्चीत बसलेल्या माणसावर पडतं तसं. त्याच्या पाठीला टेकलेली फळी मात्र काळीकुट्ट.

"काय बघतेस अशी?"

"मोबाईलचा लाइट लावलायस?"

"मोबाईल चार्जिंगला आहे," संदेश म्हणाला आणि पिशवी घेऊन बाहेर आला.

२

आता अशा वेळी बाईमाणूस काय करतं? आधी स्वतःवर संशय घेतं. रुपाली जिदहफ्सच्या एका लेडीज टेलरकडे कामाला होती. डोळ्यांवर तिचं पोट. दुसऱ्याच दिवशी जाऊन तिने डोळे तपासून घेतले. नंबर होता तोच. मग तिने मनाशी ठरवलं की स्वयंपाकघराच्या खिडकीतून फ्रिजच्या दारावर, दारावरून आत, असा काहीतरी उजेड परतला असेल. पुढच्या शुक्रवारी तिने फ्रिजचं दार उघडून-मिटून पाहिलं. काहीसुद्धा परतत नव्हतं.

बरं, संदेशला झोप लागत नव्हती, हेही होतंच. जाड पडदे ओढलेले, दिवे बंद, आणि हा डोळ्यांवर तिची ओढणी बांधून पडायचा.

"ऊन येतं गं डोळ्यांवर," तो म्हणायचा. "तिकडं उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही. माणसं आडवेळी मासे धरत बसतात. सवय लागलीय, जाईल हळूहळू."

सवय, असं रुपालीनेही धरून चाललं. माणूस दोन वर्षं परमुलखात राहिला की सवयी लागणारच. पण एके दिवशी भक्ती शाळेतून आली, आणि खिडकीपाशी टेबल असताना दप्तर घेऊन सोफ्याच्या कोपऱ्यात बापाला चिकटून गृहपाठाला बसली. तो कोपरा म्हणजे घरातला सगळ्यात अंधारा.

"डोळे फोडायचेत का? इकडं ये उजेडात," रुपाली ओरडली.

मराठी सगळं कळायचं पोरीला, पण उत्तर इंग्रजीतच. मान वर न करता म्हणाली, "इट्स ब्रायटर नियर पप्पा."

रुपालीच्या हातातली कणीक तशीच राहिली.

त्याच संध्याकाळी ती समोरच्या फ्लॅटमध्ये अकीलाभाभीकडे जाऊन बसली. अकीलाभाभी राजापूरची. नवरा कस्टम क्लिअरन्सच्या ऑफिसात क्लार्क, आणि ही सगळ्या मजल्याची मोठी बहीण. रुपालीने उन्हाचं काही सांगितलं नाही, लोक वेड्यात काढतील. नुसतं म्हणाली, "भाभी, हे आल्यापासून घर वेगळंच वाटतं."

"दारात भाकरतुकडा ओवाळलास ना गो? तुमच्यात करतात ते?"

"ओवाळला की. पण जरा गडबड झाली." रुपाली हसायला गेली. "मी भाकरी आणि पाणी घेऊन उभीच होते. पण हे टॅक्सीतून उतरले ते घामाने निथळत. म्हणाले, आधी एसीत येऊ दे बाई. घुसले आत. मग म्हटलं, आता काय, आतच ओवाळते."

"आत घेतलंस नि मग ओवाळलंस?" अकीलाभाभीने चहाचा कप खाली ठेवला. "आणि तुकडा टाकलास कुठं?"

"पॅसेजमध्ये नुकतंच पुसलं होतं. वॉचमन बोंबलला असता. मग किचनच्या डब्यात."

अकीलाभाभी म्हणजे पट्टीची बोलणारी. एरवी या वाक्यावर तिने चार शिव्या आणि दोन सल्ले दिले असते.  त्या दिवशी फक्त मुलाला हाक मारून म्हणाली, आपलं दार लाव.

३

गणपती आले, गेले. बहारीनमधला उकाडा जरा उतरला आणि संदेशवरचं ऊनही उतरलं. आता तो ओढणीशिवाय झोपायला लागला. रुपालीच्या जिवात जीव आला. म्हटलं, गेली सवय एकदाची.

मग एका शुक्रवारी गच्चीत चादरी टाकताना तिचं लक्ष खाली गेलं.

दुपारची वेळ. तिची सावली पायाशी गोळा होऊन पडलेली. टाक्यांच्या सावल्या टाक्यांना धरून. आणि संदेशची सावली त्याच्या पायांपासून निघून, दोऱ्यांखालून, डिश अँटेनांमधून, पार पलीकडच्या कठड्यावर चढली होती. लांब, बारीक, सूर्य अगदी जमिनीला टेकल्यावर पडते तशी.

"संदेश, जरा इकडं सरक."

तो सरकला. सावलीही सरकली.

"काय झालं?"

"काही नाही. चादरीवर पाय देत होतास."

यालाही काहीतरी शास्त्र असेल, असं ती घरी येऊन भक्तीच्या विज्ञानाच्या पुस्तकात बघत बसली. त्यात सूर्य एकच होता. एका सूर्याखाली दोन माणसं शेजारी उभी राहिली तर सावल्या सारख्याच पडणार, याला ना पुस्तकात पळवाट होती ना तिच्या डोक्यात. तिने पुस्तक मिटलं आणि आमटीला फोडणी दिली. भीती वाटली म्हणून कुणाच्या घरची चूल थांबत नाही.

पण त्या दिवसापासून ती त्या सावलीवर डोळ्यांत तेल घालून पाळत ठेवू लागली. दर शुक्रवारी ती वाढलेली असायची. कठड्यावरून ती पलीकडच्या बिल्डिंगीच्या भिंतीवर गेली. संदेशला त्यातलं काही दिसतच नव्हतं. तो आपला शीळ वाजवत चिमटे लावायचा.

ऑक्टोबर सरता सरता तो एकदा दमून टाकीच्या चौथऱ्यावर बसला. "पाणी दे गं घोटभर," म्हणाला. रुपालीने बाटली पुढे केली आणि सवयीने समोरच्या भिंतीकडे बघितलं.

संदेश बसला होता. सावली उभी होती.

४

त्या रात्री जेवणं झाल्यावर, भक्ती झोपल्यावर, रुपालीने नवऱ्याला समोर बसवलं. आडून आडून विचारणं तिला जमायचंच नाही. याच्यावर अजून तिकडचाच सूर्य पडतोय आणि तो आता मावळत चाललाय, एवढं तिने ताडलं होतं.

"तिकडं काय झालं ते सांग मला. सगळं."

"कुठं काय झालं?"

"हिवाळ्यात काय झालं?"

संदेश टेबलावर सांडलेले तुरीच्या डाळीचे दाणे नखाने इकडून तिकडे करत राहिला. मग म्हणाला, "तुला सांगितलं नव्हतं. म्हटलं, उगाच घाबरशील. नोव्हेंबर संपता संपता तिकडं सूर्य जातो तो जातोच. दुपारी जरा वेळ निळं निळं दिसतं, तेवढंच. माझ्या खोलीत पोलंडचा एक जण होता. बायकापोरांचे फोटो भिंतीवर लावलेले, फार चांगला माणूस. पहिल्या हिवाळ्यात त्याने सुट्टीच्या दिवशी, भर दुपारी, जॅकेट घातलं, डबा घेतला. मी म्हटलं, कुठं? तर म्हणाला, शिफ्ट आहे. मी म्हटलं, आज सुट्टी आहे. तर म्हणाला, बाहेर थांबलेत. आणि गेला."

"मग?"

"मग काय? गेला तो गेला. पोलीस आले, बोटी आल्या, कुत्री आणली. बर्फात त्याच्या पावलांचे ठसे यार्डाच्या गेटपर्यंत होते. पुढे नव्हते." त्याने वर पाहिलं. "दुसऱ्या हिवाळ्यात मलाही बाहेर कोणीतरी थांबल्यासारखं वाटायचं. मी कानांत गाणी घालून बसायचो. काढला कसाबसा. उन्हाळा लागला तसा पळून आलो."

 रुपाली रडणाऱ्यांतली नव्हती. रडून झाल्यावर जे करायचं ते आधीच करावं, वेळ वाचतो, असं तिचं मत.

"सूर्य परत कधी उगवतो तिकडं?"

"जानेवारीत. संक्रांत झाली की आठवडाभराने. त्या दिवशी गोड पाव वाटतात सगळीकडं, शाळा सोडतात."

"मग ठरलं," रुपाली म्हणाली. "तो उगवेपर्यंत मी तुला सोडत नाही."

"अगं, मी इथं आहे ना. सनदला. इथं रोज सूर्य आहे, कधीकधी नको इतका आहे." तो हसला. हसताना त्याच्या दातांवरही ट्यूबलाइटचा उजेड पडत नव्हता, हे तिने त्याला सांगितलं नाही.

५

नोव्हेंबरच्या शेवटच्या शुक्रवारी गच्चीत छान कोवळं ऊन होतं. बहारीनचा हिवाळा म्हणजे आपल्याकडची दिवाळीची सकाळ. खाली पोरं सायकली फिरवत होती. रुपालीने श्वास रोखून भिंतीकडे बघितलं. सावली नव्हती. कठड्यावर नव्हती, दोऱ्यांखाली नव्हती, संदेशच्या पायाशीही नव्हती.

पहिल्यांदा तिला हायसं वाटलं. खोटं कशाला बोला, तिने मनातल्या मनात मार्लेश्वराला नारळसुद्धा बोलून टाकला. मग जिना उतरताना, अर्ध्या जिन्यात तिच्या डोक्यात आलं की सावली जमिनीवर नाही, तर मग गेली कुठं?

आणि त्याच क्षणी तिला पाठीमागे पावलं ऐकू आली. संदेश तर तिच्या पुढे होता. त्याच्या हातात बादली होती, ती जिन्याच्या कठड्यावर आपटत होती. पावलं मागून येत होती. सावकाश, जड, जाड सोलच्या बुटांची. ती थांबली तशी पावलंही थांबली.

रुपालीने मागे वळून बघितलं नाही. खाली येऊन संदेशला आत ढकललं आणि दार लावलं. आणि लगेच तिला वाटलं, आपण चूक केली की काय. आधी आपण आत आलो, मग दार लावलं. मधे कोण कोण आलं, कोणाला माहीत?

त्या दिवसापासून घरात ऊन होतं आणि संदेशवर नव्हतं. खिडकीपाशी बसला तरी तो सावलीत असल्यासारखा. दुपारी जरा वेळ चेहऱ्यावर निळसर झाक यायची, तेवढीच. बोलणं कमी झालं. वर्कशॉपात जायचं बंदच केलं. रुपालीने सुपरवायझरला फोन करून ठोकून दिलं, कावीळ आहे, मेडिकल रजा पाठवते. भक्ती बापाजवळ बसेनाशी झाली.

"का गं? जा ना पप्पांकडे."

"देअर इज नो प्लेस, मम्मा," भक्ती म्हणाली. "समवन्स सिटिंग."

सोफ्यावर संदेश एकटा बसला होता. शेजारची गादी दबलेली होती. रुपालीने पोरीला उचललं, थेट अकीलाभाभीच्या दारात नेलं आणि म्हणाली, "भाभी, संक्रांत होऊन जाईपर्यंत शाळेव्यतिरिक्त ही तुमच्याकडे. का ते विचारू नका."

"मी कशाला विचारू?" अकीलाभाभी म्हणाली. "मला दिसत नाय काय? तू पण इकडं ये."

"मी आले तर त्यांच्याजवळ कोण?"

६

आता नवऱ्याला दिवसभर राखायचा तर दुकानाची रजा हवी. जिदहफ्सच्या त्या दुकानात मालक महिन्यातून एकदा यायचा. कारभार सगळा गनीभाईकडे. गनीभाई खेडचा, मनाने चांगला, पण रजेचं नाव काढलं की त्याच्या कानांत बोळे बसायचे. त्यातून डिसेंबर म्हणजे लग्नांचे झगे.

"गनीभाई, मला जानेवारीपर्यंत सुट्टी पाहिजे."

"यल्ला, काम कर. थट्टा नको."

"थट्टा नाही. घरचं माणूस आजारी आहे."

गनीभाईने तिच्या तोंडाकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "बघ रुपाली, तुला नियम ठाऊक हाय. आखातात कोणालाच रिकामी जागा ठेवून जाता येत नाय. मी गावी जातो तरी बदली देऊन जातो. माणूस कुठला, कसा, कोणी विचारीत नाय. खुर्चीवर माणूस पाहिजे म्हणजे पाहिजे. बदली दे नि खुशाल जा. बदली नाय तर सुट्टी मफी, नाय म्हणजे नाय."

रुपालीने बदली दिली. सांगलीकडची मालू म्हणून एक बाई होती, घरी बसून ब्लाउज शिवायची. तिला आणून मशीनवर बसवलं. गनीभाईने मालूचं तोंडसुद्धा नीट पाहिलं नाही. कात्री हातात दिली आणि म्हणाला, खलास, जा तू.

घरी परतताना बसमध्ये तिला दिवसाउजेडी गाढ झोप लागली. किती दिवसांत ती धड झोपली नव्हती.

७

रोज दुपारी, चेहऱ्यावर ती निळी झाक आली की संदेश उठायचा. कपाटातून तिकडचं जाड जॅकेट काढून घालायचा, रिकामा डबा हातात घ्यायचा आणि दाराकडे निघायचा.

"कुठं?"

"शिफ्ट आहे."

"आज सुट्टी आहे," रुपाली म्हणायची. दाराला पाठ लावून उभी राहायची. तो ढकलायचा नाही, ओरडायचा नाही. नुसता पुढ्यात उभा राहायचा, शहाण्या मुलासारखा. झाक गेली की खाली बसायचा, आणि मग तिने भरवलेले दोन घास खायचा. त्यावर दिवस निघत होते. रुपालीचे खांदे दाराच्या कडीने काळेनिळे झाले. तिने त्यावर तेल चोळलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उभी राहिली. सावित्रीची गोष्ट लहानपणी ऐकताना तिला वाटायचं, ही बाई नुसती चालत काय राहते, धरून का ठेवत नाही नवऱ्याला? आता कळलं, धरून ठेवणं म्हणजे काय ते.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी दुपारी मात्र संदेश उठला आणि दारावर टकटक झाली.

बाहेरून. सभ्यपणे, हलकेच.

"थांबलेत गं," संदेश म्हणाला. तिला किती दिवसांनी त्याने 'गं' म्हटलं. त्याचे डोळे भरून आले होते. "जाऊ दे मला. उशीर होतोय."

रुपालीने दाराच्या भोकाला डोळा लावला. पॅसेजमधली ट्यूबलाइट चोवीस तास जळते. भोकातून काहीच दिसलं नाही. बाहेर काळोख होता, आणि भोकातून डोळ्यावर बारीक वारा येत होता, बर्फाच्या लादीवरून येतो तसा.

ती वळली. संदेश अगदी जवळ उभा होता. आणि त्याच्या जॅकेटच्या उजव्या खांद्यावर कापड दबलेलं होतं. रुपालीचा जन्म कापडात गेला. कापड कुठं झोल खातं, कुठं ताणतं, हे तिला डोळे मिटूनही कळलं असतं. त्या खांद्यावर चार खोल खळगे होते आणि मागच्या बाजूला एक. ते जॅकेट कोणीतरी पकडलं होतं. तिच्या डोळ्यांदेखत खळगे आणखी खोल गेले आणि संदेश एक पाऊल पुढे आला.

रुपालीची पाचावर धारण बसली. एकदा वाटलं दार उघडावं आणि सुटावं. खरंच वाटलं. पण तिने दोन्ही हातांनी चौकट धरली. आणि त्या खळग्यांकडे बघत, गनीभाईशी बोलावं तसं, खणखणीत बोलली.

"हा येणार नाही. याची सुट्टी झाली. तुम्हाला जागा रिकामी चालत नाही ना? मग बदली देते. मी आहे. याच्या जागेवर माझं नाव घ्या, आणि याला सोडा."

 फ्रिज घरघरत होता. मग जॅकेटवरचे खळगे एकेक करून भरत आले, उशीवरून डोकं उचलल्यावर उशी भरते तसे. संदेश मटकन चपलांच्या रॅकवर बसला आणि तिथंच झोपून गेला, घोरत. भोकातून ट्यूबलाइटचा पांढरा ठिपका रुपालीच्या बोटांवर पडला.

तिने आधी त्याच्या पायांतले बूट काढले. मग ती खाली बसून पोटभर रडली.

८

संक्रांत होऊन आठवडा झाला. संदेश आता पूर्वीसारखा झाला होता. नोव्हेंबरनंतरचं त्याला काही आठवत नव्हतं. "कावीळ फार चढली होती वाटतं," म्हणायचा. तिनेही दुरुस्त केलं नाही.

शुक्रवारी तिघंही चादरी घेऊन गच्चीत गेले. दुपारचं ऊन छान पसरलं होतं. संदेशच्या तोंडावर ऊन होतं, खरं, बहारीनचं ऊन. त्याची सावली भक्तीच्या सावलीशेजारी गुमान पडली होती. रुपालीने त्या सावलीकडे बघितलं आणि तिला एवढा आनंद झाला की ओल्या चादरीत तोंड खुपसून ती हसली. जिंकलो, म्हटलं. जिंकलो आपण. संदेश रिकामी बादली घेऊन खाली गेला.

"मम्मा," भक्ती म्हणाली, "व्हाय इज युअर फेस सो ऑरेंज?"

रुपालीने चादर खाली केली. गालावर काहीतरी लागत होतं. ऊबही नव्हे, नुसता उजेड, तिरका, अगदी खालून येणारा. तिने त्या दिशेला मान वळवली.

सनदच्या गच्च्यांपलीकडे, दोन टाक्यांच्या मधल्या फटीत, दुसऱ्याच एका सूर्याची तांबडी कड दिसत होती. तिच्याखाली काळं पाणी. पाण्याच्या काठाने माणसं एका रांगेत चालली होती, जाड जॅकेटं घातलेली, हातात डबे. घाई कुणालाच नव्हती. रांगेतला शेवटचा माणूस थांबला, तिच्याकडे वळला आणि जरा बाजूला सरकला, बसमध्ये आपण कोणाला जागा करून देतो तसा.

तिने डोळे मिटले, उघडले. फटीत नुसतं आभाळ होतं.

"जा, तू खाली जा," ती भक्तीला म्हणाली. आवाज तिचा तिलाच शांत वाटला. "पप्पांना पानं घ्यायला सांग."

तिला भीती वाटली, नाही असं नाही. पण तिने हिशोब केला. आता तिकडं उन्हाळा येणार. उजेड वाढत जाणार. नोव्हेंबर लांब आहे, आणि नोव्हेंबर ते संक्रांत हे दिवस माणसाला धरून ठेवून काढता येतात. हे तिने स्वतः करून बघितलं होतं. एका माणसाने दुसऱ्याला घट्ट धरलं पाहिजे, बस.

ती खाली आली. संदेश सोफ्यावर पाय पसरून क्रिकेट बघत होता. ती टीव्हीच्या बाजूला जाऊन उभी राहिली.

"संदेश, एक ऐक. पुढच्या नोव्हेंबरपासून मी दुपारची कामावर जायला निघाले ना, तर मला सोडायचं नाही. दारात आडवं उभं राहायचं. मी रडले, शिव्या दिल्या, तुझे पाय धरले, तरी सोडायचं नाही. बाहेरून कोणी दार वाजवलं तर अजिबात उघडायचं नाही. आणि बदल्यात दुसरं कोणी द्यायचं नाही. तू नाही, भक्ती नाही. संक्रांत होईपर्यंत नुसतं धरून ठेवायचं. कळलं?"

"म्हणजे? कामावर जायचं नाही तुला?"

"का ते विचारू नकोस. करशील की नाही तेवढं सांग."

"बरं बाई, करीन."

"माझ्याकडे बघून सांग."

"सांगितलं ना, करीन," संदेश म्हणाला आणि मान तिरकी करून तिच्या कडेने स्कोअर बघू लागला. "आता जरा सरक, शेवटची ओव्हर आहे."